मुख्य प्रधान आणि त्याचे सोबती

यवतमाळहून पांढरकवड्यास जातांना मला दर वेळीं एक विचित्र स्थिति आठवते. १८१८ च्या एप्रिलांत याच मुलुखांत कर्नल अॅडम्सच्या फौजेनें दुसऱ्या बाजीरावाचें सैन्य उधळून लाविलें. आप्पासाहेब भोसल्यांच्या आशेनें इतक्या दूर आलेला हा पुरुष राजा नव्हता. साताऱ्याच्या छत्रपतींचा तो पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान. त्याचे धनी प्रतापसिंह महाराज दोन महिन्यांपूर्वीं आष्टीच्या लढाईंत इंग्रजांच्या हातीं लागले होते. तोंपर्यंत हा चाकर धन्याला शिक्क्याप्रमाणें आपल्या छावणींत बाळगून हिंडत होता!

ही स्थिति एका दिवसांत आली नाहीं. १६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं रायगडावर अष्टप्रधान उभे राहिले, तेव्हां त्यांस रोख वेतन होतें. पद हें वतन नव्हतें. पुढें राजारामाच्या धामधुमींत वतनें द्यावीं लागलीं. शाहूनें १७२० सालीं, वयाचीं वीस वर्षेंही पुरीं न झालेल्या बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. १७३१ सालीं डभईच्या रणांत सेनापति त्रिंबकराव दाभाडे पेशव्याशींच लढतांना पडले. १७४९ त शाहू वारला, आणि पुढल्याच वर्षीं सांगोल्यास रामराजानें कारभार पेशव्याच्या स्वाधीन केला. साताऱ्याकडे उरलें तें वस्त्रें देण्याचें काम.

याचा सारा दोष आपण पेशव्यांच्या महत्त्वाकांक्षेवर टाकतों. मला तें अर्धेंच सत्य वाटतें. पहिला बाजीराव खरोखरच कर्तबगार होता. त्याच्या उत्तरेकडील मोहिमांस दरबारांत विरोध करणारे प्रतिनिधि शहाणे होते, परंतु त्याच्याइतकी दौड त्यांना मारावयाची नव्हती. जो राबतो त्याच्याकडे अधिकार जातो आणि इतरांस विसांवा मिळतो. तो विसांवा फार गोड असतो. मग आजोबानें पराक्रमानें मिळविलेला अधिकार नातवास पराक्रमावांचून मिळतो, आणि त्याला अडविण्याची कोणाला संवय उरलेली नसते.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्याचा मला तरी काय अधिकार? एका समितीचा सभासद असतांना मीं न वाचलेल्या कागदांवर सह्या केल्या आहेत. अध्यक्ष कामसू होते, आणि मला घरीं जाण्याची घाई होती.

आपल्या राज्यघटनेंत मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक आहे. तरीही २५ जून १९७५ च्या रात्रीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनीं आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, आणि मंत्रिमंडळास तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळलें. मंत्र्यांनीं संमति दिली. राजीनामा एकानेंही दिला नाहीं. १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें अशा घोषणेपूर्वीं मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरविला. दुरुस्ती चांगलीच आहे. पण लिहिणारे हात तेच असले, तर कागद काय करील?

येथें मला आमच्या जिल्ह्यांतील वणीचे लोकनायक बापूजी अणे आठवतात. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. तेथें तर प्रमुखास निवडून येण्याचीही जरूर नव्हती. एकाच हातांत सत्ता असण्याचा याहून स्वच्छ मासला सांपडणार नाहीं. फेब्रुवारी १९४३ त गांधीजींनीं कैदेंत उपोषण आरंभिलें, सरकार त्यांस सोडीना, तेव्हां बापूजी, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तिघांनीं राजीनामे दिले. व्हाइसरॉयचें कांहीं अडलें नाहीं. गांधीजी सुटले ते पुढल्या वर्षींच्या मे महिन्यांत. मग हा राजीनामा फुकट गेला काय? माझे एक व्यवहारी मित्र तसें म्हणतात. मला पटत नाहीं. २६ जूनच्या त्या सकाळीं त्या मेजाभोंवतीं असा एक मनुष्य असता, तर घोषणा कदाचित् थांबली नसती; पण ती सर्वांच्या संमतीनें झाली, असें मात्र कोणाला म्हणतां आलें नसतें.