हातानं चालू करायची मोटार

सांगवीत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली की उसाआधी माणसं पेटतात. एका उन्हाळ्यात शेजारच्या एकट्या काकूंची रात्रीची पाळी आबांच्या थोरल्या नातवानं आपल्या उसाकडं वळवली. सकाळी आबांनी विचारलं, "हे बरोबर की चूक?"

"चूकच. पाळी काकूंची होती."

"मग?"

"मग काय? आपला ऊस वाळत होता."

पाणी वळवल्यापेक्षा आबांना त्या थंड उत्तराची धास्ती वाटली. "ह्यो जक्कल निघायचा की काय?" जक्कल आणि त्याचे साथीदार म्हणजे १९७६-७७ मध्ये पुण्यात दहा खून पाडणारी ती कॉलेजातली पोरं. त्यांनाही चूक-बरोबर कळतच होतं. १९८३ मध्ये चौघं येरवड्यात फासावर गेले.

पुण्यात मानसशास्त्र शिकणारी नात म्हणाली, "आबा, पाणी वळवल्यानं कुणी सायकोपॅथ होत नाही. रॉबर्ट हेअर यांच्या यादीत २० लक्षणं आहेत. ४० पैकी साधारण ३० गुण भरले तरच तो शिक्का बसतो, तोही जाणकारानं तपासल्यावर. पण तुमचं म्हणणं अगदीच वावगं नाही. अशा माणसांनाही चूक-बरोबर सांगता येतं. दुसऱ्याचं दुखणं मात्र त्यांना आपसूक टोचत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला अशा गुन्हेगारांना स्कॅनरमध्ये झोपवून चित्रफिती दाखवल्या. एक हात दुसऱ्या हाताला फटका मारतोय, असं काहीबाही. नुसतं बघताना त्यांचा मेंदू इतरांपेक्षा कमी हलला. 'समोरच्याला काय होतंय ते जाणवून घ्या' असं सांगितल्यावर मात्र फरक बराच मिटला. २०१३ मध्ये ते छापून आलं."

आबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे आपली मोटार ऑटोवर. लाईट आली की आपोआप चालू. त्यांनी विहिरीवर जाऊन बटण दाबायचं."

"हो. पण कुणी न सांगता ते विहिरीवर जातील का, हे त्या प्रयोगातून कळत नाही."

एवढा वेळ गप्प बसलेल्या नातवाला वाट सापडली. "मग माझंही ऑटो बिघडलं असंल. त्यात माझा काय दोष?"

"ऑटो बिघडलं म्हणून तू कधी ऊस वाळू दिलास का? मध्यरात्री उठून जातोसच की," आबा म्हणाले. "पुढची आपली पाळी काकूंना. आणि रात्रभर त्यांच्या उसात दारं तू धरायची."