परीक्षा कशासाठीं?

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे खेड्यापाड्यांतील कित्येक घरांत चिंता शिरते. मूल पास होईल काय, एवढेंच आईबाप विचारितात. परंतु परीक्षा घ्यावी तरी कशासाठीं, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. आणि पुढील काळीं शाळांची रीत कशी असावी, हें त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

हेतु चुकला म्हणजे काय होतें हें इतिहास दाखवितो. १८६२ सालीं इंग्लंडांत प्राथमिक शाळांचें सरकारी अनुदान बहुतांशीं मुलांच्या वाचन, लेखन व गणित ह्यांच्या परीक्षेवर ठरूं लागलें. तेव्हां मुलें पुस्तक तोंडपाठ म्हणूं लागलीं, आणि अर्थ बाजूला राहिला.

आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणाही मुलास मागें ठेवूं नये असें ठरविलें. हेतु दयेचा होता. तथापि वाचतां न येणारें मूल नुसतें वर चढवीत राहणें ही खरी दया नव्हे. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवीस व आठवीस परीक्षा ठेविली, नापास मुलास दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधि दिली, आणि तींतही तें न उतरल्यास त्यास मागें ठेवण्याची मुभा सरकारांस दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें आणखी एक वाट सुचविली: प्रगतिपत्रकांत शिक्षकाबरोबर सोबत्यांचें व खुद्द मुलाचेंही मत यावें.

मग न्याय कोणता? रुपयांच्या दृष्टांतांतील धनी हिशेब घेतल्यावांचून राहत नाहीं. तिसऱ्या चाकरासही तो सोडीत नाहीं. पण पांचांचे दहा करणारा व दोहोंचे चार करणारा, ह्या दोघांस तो सारखीच शाबासकी देतो. कारण कोणास किती दिलें होतें हें तो विसरत नाहीं. जें मूल ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर परगांवीं राहतें, त्याची प्रगति त्याच्या स्वतःच्या कालच्या पायरीवरून मोजावी. वाचतां तर सर्वांसच आलें पाहिजे, त्यांत सूट नको. आणि सूट नको म्हणूनच साह्य अधिक हवें. शाळेची परीक्षा म्हणजे वाटेवरची विचारपूस. शेवटचा न्याय करणारा निराळा आहे.

यापुढें यंत्रें क्षणांत मार्क मोजतील. परंतु अडलेल्या मुलाचा हात धरणें हें माणसाचेंच काम राहील. यास्तव, प्रिय उपदेशकांनो, शब्बाथ शाळेंत वचन पाठ म्हणून घेतलें कीं त्याचा अर्थ मुलास स्वतःच्या शब्दांत सांगूं द्या. जें अडेल त्यास चारचौघांत लाजवूं नका, संध्याकाळीं जवळ बसवून शिकवा. आणि आईबापांनो, "किती मार्क मिळाले?" ह्याच्या आधीं "काय समजलें नाहीं, बाळा?" असें विचारा.