ओल मागे हटते तेव्हा

शरद आला का हे पाहायला झाडाकडे बघू नये, निदान आमच्या शिनोलीत तरी. घोडेगाव सोडून डिंभ्याकडे निघालं की लागणारं हे गाव. इथलं झाड ऑक्टोबरात पान गाळत नाही. मुळांशी अजून पावसाची ओल असते, मग पान टाकायची घाई कशाला? युरोपातली झाडं दिवस लहान होताना आणि थंडीच्या चाहुलीने पिवळी पडतात. लंडनचा दिवस जूनमध्ये साडेसोळा तासांचा असतो, तो डिसेंबरात आठ तासांवर येतो. आपल्याकडे हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आपली झाडं पान सोडतात ती तहानेपोटी, आणि तहान लागायला पौष-माघ उजाडावा लागतो. पळस, मोह, कुसुंब हे सगळे तोवर हिरवेच उभे असतात.

अपवाद सागाचा, आणि तोही फसवा. पुण्याहून आलेले पाहुणे सप्टेंबरअखेरीस घरामागचे साग तपकिरी झालेले पाहतात आणि पानगळ सुरू झाली म्हणून खूश होतात. मी एक पान तोडून त्यांच्या हातात देतो आणि उजेडाकडे धरायला सांगतो. जुन्या मच्छरदाणीसारखी नुसती जाळी उरलेली असते. पावसाळा सरता सरता सागावर एक बारीक अळी येते. ती पानाचा हिरवा गर तेवढा खाते आणि शिरांना तोंड लावत नाही. शिरेला शीर, तिला आणखी बारीक शीर, सगळं जिथल्या तिथे. झाड काही त्याने मरत नाही. हे पान तसंही थंडीत गळायचंच असतं.

खरा शरद येतो तो खालून, ओल मागे हटत जाते त्या वाटेने. आधी जोत्याच्या दगडांवरचं शेवाळ हिरव्याचं काळपट होतं, मग पापुद्रे धरून सुटायला लागतं. दाराच्या चौकटी पावसात फुगलेल्या असतात, त्या पुन्हा बसायला लागतात आणि खांदा न लावता दार मिटतं. बांधावरच्या तेरड्याच्या बोंडाला नुसतं बोट लावलं तरी ते फट्कन उकलतं, साली गुंडाळल्या जातात आणि बी हातभर लांब उडतं. गवत आता कमरेएवढं झालेलं असतं. त्याची कुसळं पायजम्यात अशी शिरतात की संध्याकाळचा अर्धा तास ओट्यावर बसून ती काढण्यात जातो. जुलैत ओढ्याच्या आवाजात फोनवर बोलता येत नाही. कोजागरीपर्यंत तोच ओढा रात्री कान दिला तरच ऐकू येतो.

डिंभ्याच्या धरणाचे दरवाजे मिटले की घोड नदीचं तांबडं पाणी निवळतं आणि तळाचे गोटे दिसू लागतात. जुने लोक याचं श्रेय अगस्त्याला देतात. अगस्त्याचा तारा उगवला की पाणी निर्मळ होतं अशी समजूत आहे, आणि शरदातल्या अशा पाण्याला आयुर्वेदाने हंसोदक म्हटलं आहे. गाळ बसतो तो पाऊस थांबल्याने, ताऱ्यामुळे नव्हे, हे कळतं. तरी ज्यांनी नदी आणि आकाश अशी जोडून पाहिली त्यांच्या नजरेला मी मानतो. आकाशातल्या ताऱ्यांत व्याधाच्या खालोखाल तेजस्वी हाच. ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे पाचच्या सुमारास दक्षिणेला बघा. क्षितिजापासून फार वर नसतो, पण ढग हटलेले असले तर चुकायचा नाही.

याच दिवसांत दुपारच्या उन्हात अंगणावर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांतले पिवळसर, रुंद पंखांचे जे असतात त्यांच्या जातभाईंचे थवे ऑक्टोबरात मालदीवला पोचतात. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग एवढे चतुर येतात कुठून, असा प्रश्न तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला पडला. ते भारतातून निघतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं त्याने २००९ मध्ये मांडलं. आमच्या अंगणातले त्यांतलेच की इथेच जन्म काढणारे, हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नाही. बघत बसायला मात्र बरं वाटतं.

हवामान खात्याच्या हिशेबाने पुण्याच्या बाजूचा मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत फिरतो. गावाचा हिशेब नक्षत्रांचा. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो, पोरी पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरतात. मग चित्रा, आणि २४ ऑक्टोबरच्या आसपास स्वाती. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. पण ती शाळू पेरणाऱ्याची म्हण आहे, भात लावणाऱ्याची नाही. आंबेगाव तालुक्याचा पश्चिमेचा भाग भाताचा, तर पूर्वेचा ज्वारी, कांदा, बटाट्याचा, आणि आम्ही मधल्या पट्ट्यात. डोंगराकडच्या खाचरांत हळवं भात कापून आडवं पडलेलं असतं आणि गरवं ओंब्यांनी वाकलेलं असतं, तेव्हा पूर्वेकडचा शेतकरी आभाळाकडे तोंड करून एका सरीची वाट बघत असतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना मी एकदा म्हण ऐकवली. ते म्हणाले, “मोती तिकडं पिकत्यात, हिकडं भाताला कोंब फुटत्यात.”

२०१९ मध्ये तसंच झालं. मोसमी पाऊस परतला म्हणून सगळे निर्धास्त झाले होते, आणि ऐन दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ आलं, त्याच्या पाठोपाठ ‘महा’. राज्यभर हाताशी आलेली पिकं भिजली. त्यानंतर ऑक्टोबरातल्या निरभ्र आभाळावर इथे कोणी पुरता भरवसा ठेवत नाही. कापणीच्या दिवसांत ताडपत्री हाताशीच असते.

आमचा शरद हा असा. अंगाला चटके देणारा, पित्त खवळवणारा, आणि उसात दडणाऱ्या बिबट्याच्या धास्तीने तिन्हीसांजेला उसाकडची वाट टाळायला लावणारा. सहा वाजून गेले की अंधारून येतं, म्हणून घरातली माणसं लवकर परततात.

भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या गावावरून जाते, पण ती श्रावणात, धबधबे आणि धुकं बघायला. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात रस्ता बराच मोकळा असतो. डोंगर हिरव्याचे सोनेरी होत असतात आणि लांबवरचं स्वच्छ दिसतं. यायचं तर तेव्हा या. फक्त घोडेगाव मागे टाकलं की गाडी हळू चालवा. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं असतं.