अल्पायुष्य आणि ‘अवतारकार्य’

पास्काल, स्वामी विवेकानंद आणि केशवसुत हीं तीन नांवें एका ओळींत लिहिण्यास वरवर पाहतां कांहींच कारण दिसत नाहीं. एक फ्रेंच गणिती व ईश्वरभक्त, दुसरा संन्यासी, तिसरा शाळेंतला मास्तर. पण तिघेही एकोणचाळीस वर्षें पुरीं करून चाळिशीच्या आंत गेले. (केशवसुतांच्या जन्मतिथीबद्दल वाद आहे, परंतु सांगितल्या जाणाऱ्या दोहोंपैकीं कोणतीही तारीख धरली तरी हा हिशेब बदलत नाहीं.) अशा योगायोगांत मन रमतें, आणि मग एक वाक्य आपोआप लेखणींतून उतरतें: ‘त्यांचें अवतारकार्य संपलें होतें.’ आम्हीही वर्गांत हें वाक्य अनेक वर्षें उच्चारीत आलों. तें खरें आहे काय?

ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ पास्काल जो ग्रंथ लिहूं पाहत होता, तो झालाच नाहीं. मागें राहिलीं तीं नुसतीं टिपणें. मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, 1670 मध्यें, तीं छापलीं गेलीं, आणि जग आज त्यांनाच त्याचा ग्रंथ मानतें. शिवाय 1662 च्या मार्चमध्यें, म्हणजे मरणापूर्वीं अवघे पांच महिने, हा गृहस्थ पॅरिसच्या रस्त्यांवर पांच ‘सू’ भाडें घेऊन ठराविक मार्गानें धांवणाऱ्या घोडागाड्या सुरूं करण्याच्या खटपटींत होता! कार्य संपलेल्या माणसाचें हें लक्षण नव्हे.

विवेकानंदांची गोष्ट अधिक अवघड आहे. आपण चाळिशी पाहणार नाहीं असें ते बोलत, अशी आठवण त्यांच्या निकटवर्तीयांनीं सांगितली आहे. तेव्हां येथें तरी तें वाक्य शोभेल असें वाटतें. पण 4 जुलै 1902 हा त्यांचा शेवटचा दिवस पाहावा. बेलूर मठांत त्या दुपारीं त्यांनीं ब्रह्मचाऱ्यांस संस्कृत व्याकरण शिकविलें, आणि नंतर फिरावयास गेले असतां वेदविद्यालय काढण्याचा विचार बोलून दाखविला. मृत्यूची चाहूल लागणें निराळें आणि काम संपलें असें मानणें निराळें.

केशवसुत धारवाडास शिक्षक असतां 7 नोव्हेंबर 1905 रोजीं हुबळीस प्लेगनें गेले. त्यांच्या कवितांचा संग्रहही तोंवर निघाला नव्हता. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें माणसास जडतो, हें मुंबईंतील संशोधनानें पक्कें ठरण्यास अजून थोडाच अवधि होता. यांत नियतीचा संकेत कोठें आला? येथें होती ती साथ, आणि मनुष्यांचें अज्ञान.

‘अवतारकार्य’ हा शब्द मृताच्या गौरवासाठीं योजिला जातो, पण त्याची सोय जिवंतांना होते. काय गेलें याची मोजदाद मग करावी लागत नाहीं. शोकाकुल आईनें त्या शब्दाचा आधार घेतला तर तो कोण हिरावून घेईल? चरित्रकारास आणि शिक्षकास मात्र ही सवलत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं केशवसुतांवरील तास संपल्यावर एक विद्यार्थी मागें थांबला. म्हणाला, “सर, माझे वडीलही एकोणचाळीस वर्षांचेच होते. त्यांचें कोणतें कार्य संपलें होतें?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हांपासून त्या तासाला आम्ही तें वाक्य गाळतों आणि प्लेगची हकीकत सांगतों. वेळ थोडा अधिक लागतो, आणि मागच्या बाकांवर चुळबूळही होते.