कळणं आणि सांगणं

आमच्या शाळेत पालकसभेला बापांपेक्षा आया जास्त येतात. बाप कुणी थर्मलवर ठेकेदाराकडे, कुणी गॅरेजात, कुणी मोंढ्यात हमालीला. मुलींच्या अभ्यासाचं बोलून संपलं तरी आया लगेच उठत नाहीत. चार बायांनी निवांत बसून बोलावं अशी जागा त्यांना एरवी मिळते कुठे? अशाच एका सभेनंतर एका आईने आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. रक्ताच्या तपासणीवरून स्तनाचा कॅन्सर ओळखता येतो, अशी बातमी तिला कुणीतरी पाठवली होती. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘आपा, नुसता हात का खून देना. कपडे बी नई निकालना पडता.’’ भोवतीच्या चार-पाच जणींचे चेहरे उजळले. आजार लवकर कळेल याचा तो आनंद नव्हता. कपडे काढावे लागणार नाहीत, याचा होता.

त्या दिवशी आम्ही त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. विज्ञान शिकवणाऱ्याला ते यायला हवं होतं. हा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे.

बातमी खोटी नव्हती. कॅन्सरच्या गाठीतल्या काही पेशी सुटून रक्तात येतात, हे १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरने पाहिलं होतं. पण अशा पेशी शोधून काढणं फार अवघड. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच चार-पाच अब्ज असतात, पांढऱ्या पेशी लाखांनी असतात, आणि त्यांत गाठीच्या पेशी मोजक्या. कधी एकही नाही. महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनबारीत एखादाच चेहरा शोधायचा म्हटलं तरी ते यापेक्षा सोपं. २००४ मध्ये अमेरिकेत अशा पेशी मोजण्याच्या पद्धतीला परवानगी मिळाली. ती मात्र ज्यांचा स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला आहे अशा रुग्णांसाठी होती. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी दिसल्या, तर पुढचा काळ कठीण, एवढं तिच्यावरून कळायचं. मग डॉक्टरांनी विचार केला की उपचार सुरू करूनही पेशी कमी होत नसतील तर औषध लवकर बदलून पाहावं. तसं पाहिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला, की औषध लवकर बदलल्याने आयुष्य वाढलं नाही. आधी कळलं खरं, पण कळून हाती काही आलं नाही.

वरवर निरोगी असलेल्या बाईच्या रक्तातून आजार आधीच ओळखण्याचं काम आपल्या महाराष्ट्रातच, नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या कंपनीने पुढे नेलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या चाचणीला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरीच्या वाटेवर लवकर चालता यावं म्हणून दिलेली सवलत आहे. २०२२ मध्ये अपोलो रुग्णालयांतून चाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी ही चाचणी सुरू झाली, तेव्हा तिची किंमत सहा हजार रुपये होती. संशोधकांनी ५४८ रुग्ण स्त्रियांचं रक्त तपासलं, त्यांतल्या सुमारे ९२ टक्के जणींचा आजार ओळखता आला. नाशिकमध्ये असं काम व्हावं याचा अभिमान वाटतो. मग आमच्या मनात खळखळ कशाची?

पहिली गोष्ट हिशेबाची. समजा, परळीतल्या दहा हजार स्त्रियांचं रक्त घेतलं आणि त्यांत खरोखर आजारी दहाच आहेत. समजा, चाचणी इतकी चांगली आहे की निरोगी बाईच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकते. तरीही सुमारे शंभर निरोगी बायांच्या हातात ‘कॅन्सरची शंका’ असा कागद पडेल. खऱ्या दहा रुग्णांच्या मागे खोट्या शंकेने रात्री जागणाऱ्या शंभर. त्यांची शंका फिटणार कशी? मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुई घालून गाठीचा तुकडा. म्हणजे ज्या पडद्याआड जायचं टाळण्यासाठी रक्त दिलं, त्याच पडद्याआड शेवटी जावं लागणार. रक्ताची तपासणी लाज वाचवत नाही, फक्त पुढे ढकलते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जिच्या छातीत आधीच गाठ लागते आहे, तिने रक्त दिलं आणि कागदावर ‘काही आढळलं नाही’ असं आलं, तर ती काय करील? शंभरातल्या ज्या आठ जणी चाचणीला सापडल्या नाहीत, त्यांतलीच ती असू शकते. पण तो कागद ती जपून ठेवील आणि घरीच राहील.

हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. आमच्या खालाजानला गाठ लागली तेव्हा कुठलीच चाचणी करायची गरज नव्हती. तिला स्वतःच्या हाताला ती लागत होती. आठ महिने ती कुणाशी बोलली नाही. ओढणी जास्त घट्ट घेऊ लागली, नातवाला कडेवर घेताना बाजू बदलू लागली. पुढे तिच्या सुनेला आंघोळीच्या पाण्यात रक्त दिसलं तेव्हा घराला कळलं. तोवर गाठ फुटली होती. इलाज झाला, पैसेही उभे राहिले, पण ती वाचली नाही. शेवटच्या दिवसांत आम्ही तिला विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘‘किसकू बोलती?’’ खालाजानला कळायचं राहिलं नव्हतं. सांगायचं राहिलं होतं. आणि जगातली कोणतीही चाचणी कळवू शकते, पण ‘कुणाला सांगू’ याचं उत्तर देऊ शकत नाही.

या उत्तराच्या जवळ जाणारा एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतल्या गरीब वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत झाली. तपासणारं कोणतंही यंत्र नव्हतं. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांचे हात होते. त्याच त्यांना आजाराविषयी समजावूनही सांगत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात आजार अलीकडच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवं. रक्ताच्या चाचणीने मृत्यू कमी होतात असं दाखवणारा एवढा दीर्घ अभ्यास अजून पुढे आलेला नाही. तो यावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आता नैतिक प्रश्न असा की आमच्या बायांच्या लाजेला आम्ही काय म्हणायचं? सुशिक्षित माणसं तिला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. आम्हांला ते पटत नाही. हया हा आमच्या घरांतला दागिना आहे, तो आमच्या आयांनी जपला. परक्या पुरुषासमोर अंग उघडं करताना जीव आकसणं ही काही मुसलमान बाईचीच गोष्ट नाही. आमच्या शेजारच्या वंजारी आणि मराठा घरांतल्या बायाही तेच सांगतात. पण जीव वाचवायची वेळ येते तेव्हा एरवीची मनाई सैल होते, हे आमच्या फिकहमध्येही मानलं गेलं आहे. मदिनेत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदाची गोष्ट आम्ही मुलींना कौतुकाने सांगतो. मग त्याच मुलींना दहावीच्या वर्गात शरीराचा धडा आला की आम्ही ‘घरी वाचून घ्या’ का म्हणतो? ‘स्तन’ हा शब्द आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिला? खरं सांगायचं तर एकदाही नाही. खालाजानच्या त्या आठ महिन्यांच्या मुकेपणात आमच्यासारख्या शिकलेल्यांचाही वाटा आहे.

लाजेचा मान राखायचा असेल तर त्याची किंमत एकट्या बाईने जीव देऊन का मोजावी? ती सगळ्यांनी मिळून मोजावी. तपासायला बाई असावी, खोलीला दार आणि दाराला कडी असावी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. ती आपल्या वस्तीत होते का, हे मशिदीच्या कमिटीने आणि नगरसेवकाने विचारावं. नवऱ्याने अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजपर्यंतचं पंचवीस किलोमीटरचं भाडं न कुरकुरता द्यावं, आणि सोबत जावं. बार्शीचं कॅन्सर रुग्णालयही आपल्याला परकं नाही. हे सगळं सहा हजारांच्या चाचणीपेक्षा महाग नाही. अवघड मात्र आहे, कारण त्यासाठी बोलावं लागतं.

म्हणून त्या आईला आमचं उत्तर असं आहे. बहन, ती चाचणी वाईट नाही. उद्या ती स्वस्त झाली, भरवशाची ठरली, तर सगळ्यांच्या आधी आम्ही हात पुढे करू. त्या निमित्ताने एखादी बाई दवाखान्याची पायरी चढली तरी चाचणीचं भलं होवो. पण हाताला गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर कुठल्याही रक्ताच्या कागदाची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी कुणाला तरी सांग. घरात सांगायला कुणी नसेल, तर शाळेत ये. पुढच्या सभेत अभ्यासाचं बोलणं संपलं की आम्ही वर्गाचं दार लावून घेऊ आणि आधी फळ्यावर तो शब्द लिहू.