मंच कोणाचा?

शाळेचा मंच कोणाचा असतो? ज्याला चांगले येते त्याचा, की जो शिकतो आहे त्याचा? प्रश्न साधा आहे आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षातून एकदा तरी त्याचे उत्तर द्यावे लागते. बहुतेक वेळा आपण ते बोलून दाखवत नाही, कृतीतून देतो. स्नेहसंमेलन जवळ आले की समूहगीतासाठी पंचवीस-तीस मुले उभी केली जातात. त्यांतल्या पाच-सहा जणांचा सूर लागत नाही. त्यांना काढले तर रांग अपुरी दिसते, पालकही नाराज होतात. मग कोणीतरी त्यांच्या कानात हळूच सांगते, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." कार्यक्रम छान होतो, टाळ्या पडतात. पाहुणे शाळेचे कौतुक करतात. त्या पाच-सहा मुलांनी त्या दिवशी काय शिकले, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. संगीत हा माझा विषय नाही. पण या प्रश्नावर विचार करताना मला एका दूरच्या शाळेचे उदाहरण फार उपयोगी पडले. माझ्या मावसबहिणीचे कुटुंब शिकागोजवळ राहते. तिचा मुलगा तिथल्या हायस्कूलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. क्लॅरिनेटचे पहिले, दुसरे, तिसरे असे भाग असतात आणि त्याच्याकडे तिसरा भाग आहे. म्हणजे मुख्य चाल त्याच्या वाट्याला क्वचितच येते. पण दर वसंतात शाळेची मैफल झाली की मावसबहीण तिची हकिकत सांगते. ती ऐकत गेले, त्याविषयी वाचत गेले, आणि आपल्या स्नेहसंमेलनाचा प्रश्न मला अधिक स्पष्ट दिसू लागला.

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कूलमध्ये बँड हा वेळापत्रकातला विषय असतो. त्याचा तास असतो, शिक्षक असतो, गुण असतात. शरद ऋतूत फुटबॉलच्या सामन्यांत मैदानावर कवायत करत वाजवायचे, हिवाळ्यात खोलीत बसून तयारी करायची आणि एप्रिल-मे महिन्यांत सभागृहात किंवा व्यायामशाळेत वसंताची मैफल करायची, असा साधारण क्रम. पुढे बासऱ्या आणि क्लॅरिनेट, मध्ये सॅक्सोफोन आणि हॉर्न, मागे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा आणि सर्वांत मागे ढोल, झांजा. समोर आई-वडील, आजी-आजोबा, धाकटी भावंडे. या मैफलीत सहसा कोणी पहिला येत नाही, कोणी दुसरा येत नाही. बारावीच्या मुलांचा हा शाळेतला शेवटचा कार्यक्रम असतो, म्हणून काही डोळे ओले होतात, इतकेच.

ही मंडळी नेहमीच इतकी शांतपणे वाजवत होती असे नाही. १९२३ मध्ये शिकागोत शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीस बँड आले होते. पैसा वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांनी पुरवला होता. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी बँडांची मागणी कमी झाली होती, त्यामुळे त्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. ओहायो राज्यातल्या फॉस्टोरिया गावाचा बँड जिंकला. पुढे १९२६, १९२७ आणि १९२८ अशी सलग तीन वर्षे इलिनॉयमधल्या जॉलिएटच्या हायस्कूलने बाजी मारली. स्पर्धेमुळे गावोगाव बँड उभे राहिले हे खरे. पण एक जिंकतो आणि बाकी सारे हरतात, हे शाळेच्या कामाशी जुळेना. म्हणून १९३० च्या दशकात पद्धत बदलली. क्रमांक देण्याऐवजी श्रेणी देऊ लागले. ठरलेल्या मापाला जो बँड उतरेल त्याला वरची श्रेणी, मग असे बँड दहा असोत की एकही नसो. आपल्याकडेही दहावीची गुणवत्ता यादी जाहीर करण्याची पद्धत पुढे बंद झाली, त्यामागचा विचार याच जातीचा होता. दुसऱ्याला मागे टाकणे ही एक गोष्ट, आणि स्वतः एका मापाला पोहोचणे ही दुसरी.

तरीही श्रेणी दिल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. चांगली श्रेणी हवी तर कच्च्या मुलाचे काय करायचे?

इथे बँडमास्तराच्या एका निर्णयाकडे पाहावे लागते. श्रोत्यांना तो निर्णय दिसत नाही, पण सारी नीती त्यातच आहे. मैफलीसाठी रचना कोणती निवडायची? बँडच्या रचनांना साधारण एक ते सहा अशा अवघडपणाच्या पायऱ्या लावलेल्या असतात. समजा, बँडमधल्या सगळ्या मुलांना तिसऱ्या पायरीची रचना मेहनतीने पेलेल आणि निम्म्या मुलांना पाचवीची. पाचवी निवडली तर नाव होते. पण मग उरलेली निम्मी मुले काय करतात? ती वाद्य ओठांना लावून बसतात, बोटे हलवतात आणि फुंकत नाहीत. आपली मुले ओठ हलवतात, तिथली बोटे हलवतात. फसवणूक तीच.

फसवणूक हा शब्द मी विचार करून वापरला आहे. यात श्रोत्याची फसवणूक किरकोळ आहे. तो आपल्या मुलाला पाहायला आलेला असतो. अमेरिकन रंगभूमीवर १९५७ साली आलेल्या 'द म्युझिक मॅन' या गाजलेल्या संगीत नाटकात एक भामटा आयोवातल्या एका गावाला मुलांच्या बँडची वाद्ये आणि गणवेश विकतो. संगीत त्याला येत नाही. तो मुलांना सांगतो, सूर नुसता मनात आणा, म्हणजे वाद्यातून आपोआप निघेल. शेवटी मुले कशीबशी वाजवतात आणि आई-बाप हरखून जातात. प्रेक्षक हसतात, कारण आई-बापांचे कान कसे असतात हे त्यांना ठाऊक असते. तेव्हा श्रोत्याची चिंता नको. खरी फसवणूक होते ती मुलाची. त्याला आपण शिकवतो की तुझे दिसणे आम्हाला हवे आहे, तुझा आवाज नको. हा धडा मूल विसरत नाही. पुढे ते वर्गात हात वर करत नाही, सभेत बोलत नाही, नोकरीत मान डोलावत राहते. रांग भरण्यापुरते असणे हीच आपली जागा, हे त्याने मंचावरच शिकलेले असते.

मग कच्च्या मुलाला दयेने सामावून घ्यावे काय? मला हेही पटत नाही. दया करणारा मनातून ठरवून बसलेला असतो की याच्याकडून काही होणार नाही. "वाजव जसे जमेल तसे" असे म्हणण्यात प्रेमापेक्षा बेफिकिरी जास्त असते. मुलाला जागा द्यायची तर त्या जागेचे कामही द्यावे, आणि काम दिले तर ते पुरे करून घ्यावे. त्याला चारच सूर येत असतील तर त्या चार सुरांचा हिशेब मागावा. तिसऱ्या क्लॅरिनेटचा भाग सोपा असतो, पण तो चुकला तर वरची चाल लंगडी पडते. झांजा वाजवणारा मुलगा कितीतरी वेळ मनात मात्रा मोजत उभा असतो आणि एकदाच आघात करतो. तो आघात एक मात्रा आधी पडला तर साऱ्या सभागृहाला कळते. त्या मुलावर कोणी दया करत नाही. त्याच्यावर भरवसा ठेवलेला असतो.

बँडमधली एक रीत मला विशेष आवडते. एखादा सूर फार लांब धरायचा असतो, एका श्वासात मावणार नाही इतका. तेव्हा शेजारी बसलेली मुले आपसांत ठरवून वेगवेगळ्या वेळी श्वास घेतात. एकाचा श्वास सुटतो तेव्हा दुसऱ्याचा चालू असतो. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. यात सर्वांत हुशार वादकालाही सर्वांत कच्च्या वादकाची गरज पडते, कारण छाती कितीही मोठी असली तरी श्वास शेवटी संपतोच. शेजारचा मुलगा नुसती बोटे हलवत असेल तर नेमक्या त्या क्षणी सूर तुटेल. नीतिशास्त्राच्या जाड पुस्तकांत परस्परावलंबन म्हणून जे समजावले जाते, ते इथे पंधरा वर्षांचे पोर फुप्फुसाने शिकते.

२०२० च्या वसंतात याचा उलटा पुरावा मिळाला. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, मैफली रद्द झाल्या. काही शाळांनी मुलांना घरी एकेकट्याने आपला भाग वाजवून चित्रित करायला सांगितले आणि ते तुकडे जोडून एक मैफल तयार केली. पडद्यावर चौकोनाचौकोनांत मुले दिसत होती. त्या दिवसांत तेही थोडे नव्हते. पण प्रत्येकजण कानात ठेका घेऊन एकटाच वाजवत होता. शेजाऱ्याचा श्वास कुठे संपतो हे ऐकण्याची सोय त्यात नव्हती. तुकडे सगळे होते, त्यांना बांधणारी ऐकण्याची क्रिया तेवढी नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे. कच्च्यांसाठी रचना सोपी निवडली तर हुशार मुलावर अन्याय होत नाही का? त्याने वर्षभर मेहनत केली, त्याला उंच उडी घ्यायची आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. मोठ्या शाळा दोन-तीन बँड ठेवतात, हुशारांसाठी वेगळा लहान संच असतो, एकल वादनाला वाव असतो. ही वाट योग्यच आहे. पण सोपे म्हणजे हलके, ही समजूत आधी सोडली पाहिजे. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल मुलींच्या शाळेत संगीत शिक्षक होता. जगभर नाव झाल्यावरही त्याने शाळा सोडली नाही. शाळेच्या वाद्यवृंदासाठी त्याने लिहिलेली 'सेंट पॉल्स सूट' आज मोठमोठे वाद्यवृंद वाजवतात. १९०९ मध्ये त्याने लष्करी बँडसाठी एक रचना केली, तीही आजच्या शालेय बँडांची लाडकी आहे. तिची सुरुवात पुढच्या रांगेतल्या वाद्यांनी होत नाही. मूळ चाल सर्वांत आधी मागे बसलेले ट्युबा आणि युफोनियम ऐकवतात आणि बाकीचा बँड त्यांच्यावर उभा राहतो. मागच्या रांगेला काय द्यायचे हे ज्याला कळते, तो गुणवत्तेशी तडजोड न करता सर्वांना वाजवायला लावतो. ज्याला कळत नाही, तो काहींना गप्प बसवतो आणि त्यालाच दर्जा म्हणतो.

आणि ही गुणवत्ता तरी कुठून येते? क्लॅरिनेट घरी असेल, खासगी उस्ताद परवडत असेल, रियाजाला स्वतंत्र खोली असेल, तर मूल पहिल्या रांगेत लवकर पोहोचते. तिथेही वाद्य भाड्याने घ्यायला पैसे लागतात. ट्युबासारखी अवजड वाद्ये शाळेची असतात, लहान वाद्ये बहुधा पालकांनी आणायची. म्हणजे निवड कानाने केली असे आपण समजतो, पण ती थोडीफार खिशाने आधीच झालेली असते. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत भाषण ज्याच्या घरी लिहून मिळते तो जिंकतो. भंगाराच्या दुकानावर बापाबरोबर बसणाऱ्या मुलाचा उच्चार अडखळतो, म्हणून त्याचे नाव यादीत येत नाही. त्याची लायकी आपण तपासलेलीच नसते. त्याला संधी किती मिळाली होती, एवढेच आपण मोजलेले असते.

आमच्या उर्दू शाळांत वर्गाला जमात म्हणतात. आठवी जमात, नववी जमात. जमात म्हणजे एकत्र आलेला समूह. शब्द इतका चांगला मिळाला आहे, पण आपण त्या समूहाची कतार करून टाकतो. पुढे चारजण, बाकीचे त्यांच्या पाठी पाहत उभे. परीक्षेत हे काही अंशी अटळ असेल. मंचावर ते अटळ नाही. तिथे काय सादर करायचे हे आपल्या हातात असते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. शाळेचा मंच शिकणाऱ्याचा आहे, पण फुकटचा नाही. तिथे उभे राहायचे तर रियाज करावा लागेल, आणि ज्याने रियाज केला त्याला आवाज काढण्याचा हक्क राहील. कार्यक्रमाची निवड करताना आपण शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला काय शोभेल, हा विचार जरूर करावा. पण त्याआधी सर्वांत अडखळणाऱ्या मुलाचे नाव कागदावर लिहावे आणि त्याच्यापुढे त्याचे नेमके काम लिहावे. त्या नावापुढे लिहायला काही सुचत नसेल, तर मूल बदलू नये, गाणे बदलावे.