क्रम कोणी लावायचा?

लेकीला डिझाइन शिकायचंय. सीएओच्या अर्जावर दोन नावं आहेत: डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवरचं, पॉवर्स व्हिस्कीच्या जुन्या कारखान्यात भरणारं एनसीएडी (मूळ १७४६ चं!) आणि लिमरिक विद्यापीठाचं प्रॉडक्ट डिझाइन. वरची जागा मिळाली की खालचे पर्याय आपोआप बाद होतात, म्हणून भांडण फक्त क्रमाचं.

नोकरीच्या विचारानं मी म्हटलं, लिमरिक वर ठेव.

"बाबा, फी तू भरणार म्हणून?"

खरं सांगायचं तर, हो. माझ्या वडिलांनी कर्ज काढून मला एमएसला पाठवलं आणि विषयही त्यांनीच ठरवला. त्याला मी आजवर प्रेमच म्हणत आलो. इंटरमिजिएट ड्रॉइंगचं सर्टिफिकेट मात्र अजून जपून ठेवलंय.

१ जुलैपर्यंत क्रम बदलता येतो. पासवर्ड तिच्याकडे आहे. मी मागितलेला नाही.